हिमवादळापूर्वीची बेगमी : ब्रेड, दूध, अंडी आणि सूपचे पातेले

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत हिवाळ्यातील एक दृश्य दरवर्षी न चुकता पाहावयास मिळते. दूरचित्रवाणीवरील हवामान निवेदक नकाशावर निळे-जांभळे पट्टे दाखवू लागतो आणि पुढच्या काही तासांतच किराणा दुकानांच्या वाहनतळावर गाडी उभी करण्यास जागा मिळेनाशी होते. आत ब्रेडच्या फळ्या रिकाम्या झालेल्या असतात, दुधाच्या शीतकपाटात एखाददुसरा कॅन उरलेला असतो आणि अंड्यांच्या जागी फक्त किमतीची पट्टी दिसते. ब्रेड, दूध आणि अंडी या तीन वस्तूंपासून फ्रेंच टोस्ट बनतो. त्यामुळे बर्फ पडू लागला की सारा प्रांत फ्रेंच टोस्ट खात बसतो, असा विनोद तेथे रूढ झाला आहे. बोस्टनमध्ये तर अपेक्षित बर्फाच्या प्रमाणात वाढत जाणाऱ्या 'फ्रेंच टोस्ट इशाऱ्या'ची थट्टाही बरीच वर्षे चालत आली आहे.

या खरेदीची टिंगल करणे सोपे आहे. बहुतेक हिमवादळे एक-दोन दिवसांत ओसरतात, रस्ते मोकळे होतात आणि चार गॅलन दूध फ्रिजमध्ये तसेच राहते. परंतु ज्या थोड्या वादळांत तसे होत नाही, त्यांत घरात अन्न असणे किंवा नसणे हा जिवाचा प्रश्न ठरतो. घरात खायला असेल, तर बाहेर पडण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते आणि हिमवादळात बाहेर पडणे हेच अनेकदा घातक ठरते.

इशाऱ्याची भाषा

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा हिमवादळाबाबत प्रामुख्याने दोन पायऱ्यांनी सूचना देते. 'वॉच' म्हणजे मोठ्या वादळाची शक्यता आहे, तयारीला लागावे. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ येणार हे जवळपास निश्चित झाले आहे किंवा ते सुरूच झाले आहे. खरेदीची वेळ पहिल्या पायरीची असते. दुसऱ्या पायरीवर दुकानात जाणाऱ्यास लांबलचक रांग आणि रिकाम्या फळ्या याखेरीज फारसे काही मिळत नाही.

'ब्लिझर्ड' हा शब्द बोलताना कोणत्याही मोठ्या हिमवृष्टीसाठी वापरला जात असला, तरी त्याची अधिकृत व्याख्या निराळी आहे. ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाचा वारा, हवेत उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलापेक्षा, म्हणजे सुमारे ४०० मीटरपेक्षा कमी झालेली दृश्यमानता आणि ही स्थिती किमान तीन तास टिकणे, असे तिचे निकष आहेत. किती इंच बर्फ पडला याचा त्यात उल्लेख नाही. माणूस वाट चुकतो तो बर्फाच्या थरामुळे नव्हे, तर काही दिसेनासे झाल्यामुळे, हे या व्याख्येमागचे तर्कशास्त्र आहे. बफेलो शहरातील १९७७ च्या जानेवारीतील प्रसिद्ध ब्लिझर्डमध्ये नव्याने पडलेला बर्फ जेमतेम फूटभर होता. गोठलेल्या ईरी सरोवरावर साठलेला बर्फ वाऱ्याने उडून शहरावर आला आणि त्याने घरे व गाड्या गाडल्या.

ईशान्य किनाऱ्यावरील वादळांना 'नॉर्ईस्टर' म्हणतात, कारण त्यांत किनाऱ्यावर ईशान्येकडून वारे येतात. सरोवरांच्या काठचा प्रकार वेगळा आहे. थंड, कोरडी हवा तुलनेने उबदार पाण्यावरून वाहताना बाष्प घेते आणि काठावर एका अरुंद पट्ट्यात बर्फ ओतते. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील काही वस्त्यांवर पाच फुटांहून अधिक बर्फ पडला, तर शहराच्या उत्तर भागात अवघे काही इंच. अशा ठिकाणी शेजारच्या गावचा अनुभव उपयोगी पडत नाही.

अंदाज चुकतातही. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरावर दोन ते तीन फूट बर्फ पडेल असे सांगण्यात आले होते. भुयारी रेल्वे बंद ठेवण्यात आली, दुकाने रिकामी झाली आणि सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्षात दहा इंचांच्या आतच बर्फ पडला. वादळाचा मारा थोडा पूर्वेकडे सरकला होता, इतकेच. त्या वेळी लोकांनी हवामान खात्याला नावे ठेवली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच उद्यानात २७.५ इंच बर्फ मोजला गेला.

दुधाची आठवण

सर्व वस्तू सोडून ब्रेड आणि दूधच का, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी इतिहासात सापडते. मार्च १८८८ मधील महाभयंकर हिमवादळाने न्यूयॉर्क आणि आसपासचा प्रदेश ठप्प केला. चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळी शहराला लागणारे दूध रेल्वेने येत असे. गाड्या बर्फात अडकल्या आणि दुधाचा तुटवडा निर्माण झाला. तान्ही मुले असलेल्या घरांत ही केवळ गैरसोय नव्हती.

नोव्हेंबर १९५० मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर पिट्सबर्गवर सुमारे अडीच फूट बर्फ पडला. दूध-ब्रेडच्या धावपळीची प्रथा तेव्हापासून सुरू झाली, असे त्या शहरातील अनेक जण मानतात. न्यू इंग्लंडमधील लोक मात्र हा मान ६ व ७ फेब्रुवारी १९७८ च्या ब्लिझर्डला देतात. बोस्टनमध्ये २७.१ इंच बर्फ पडला. कामावरून परतणाऱ्यांच्या तीन हजारांहून अधिक गाड्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावर अडकून पडल्या. गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खासगी वाहनांवर बंदी घातली आणि ती जवळपास आठवडाभर राहिली. घसरगाडीवर किराण्याची पिशवी ठेवून ती बर्फातून ओढत नेणारी माणसे हे त्या आठवड्याचे चित्र झाले. त्या वेळी जी मुले होती, ती आज आजी-आजोबा आहेत, आणि बर्फाची बातमी ऐकताच त्यांचा हात प्रथम दुधाकडे जातो.

दुसरे कारण व्यापाराच्या रीतीत आहे. आधुनिक अमेरिकी दुकानात मागच्या बाजूस मोठे गोदाम नसते. विक्री होईल तसा माल मागवायचा, अशी तेथील पद्धत आहे. नाशवंत असल्याने ब्रेड आणि दूध यांचा तर अगदी थोड्या दिवसांपुरताच साठा ठेवला जातो. प्रत्येक गिऱ्हाईकाने नेहमीपेक्षा केवळ एक जादा नग उचलला, तरी फळी दुपारपर्यंत रिकामी होते. रिकामी फळी पाहून मागचा माणूस दोन नग उचलतो. यात कोणी वेडेपणा करत नसतो. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणाच करत असतो. टूना माशाचे डबे, शेंगदाण्याचे लोणी, बिस्किटे आणि डबाबंद कडधान्ये मात्र पुष्कळदा पलीकडच्या फळीवर तशीच पडून असतात.

वीज गेल्यावर काय?

खरी गफलत येथेच होते. ओला, जड बर्फ झाडांच्या फांद्या मोडतो, फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. अमेरिकेत असंख्य घरांतील शेगडी विजेची असते. गॅसच्या भट्टीने घर तापवायचे असले, तरी उष्ण हवा खेळवणारा पंखा विजेवर चालतो. ग्रामीण भागात विहिरीचा पंपही विजेवर चालत असल्याने नळ कोरडे पडतात. अशा घरात गोठवलेला पिझ्झा आणि कच्चे मांस यांचा ढीग असूनही कुटुंब उपाशी राहू शकते.

म्हणून जाणकारांच्या सूचनांत पहिला क्रम न शिजवता खाता येणाऱ्या पदार्थांना असतो. डबाबंद मासे व कडधान्ये, शेंगदाण्याचे लोणी, सुकामेवा, सफरचंद-संत्र्यांसारखी टिकाऊ फळे, न्याहारीचे कोरडे सीरियल आणि थंड जागेविना टिकणारे दूध यांचा त्यात समावेश होतो. डबे उघडण्याचे हाताने चालणारे ओपनर ही त्या यादीतील सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक विसरली जाणारी वस्तू आहे. पिण्यासाठी व इतर गरजेसाठी दर माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी, आणि किमान तीन दिवस पुरेल इतका साठा, असे प्रमाण आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा सांगतात. तान्ह्या बाळाचे दूध, रोजची औषधे, पाळीव प्राण्यांचे खाद्य आणि विजेरीचे सेल हे ब्रेडच्या आधी आठवायला हवेत.

फ्रिजबाबतचे गणितही माहीत असलेले बरे. दार न उघडल्यास वीज गेल्यानंतर फ्रिजमधील अन्न सुमारे चार तास सुरक्षित थंड राहते. पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास तग धरतो. बाहेर सर्वत्र बर्फच बर्फ असताना दूध आणि मांस अंगणात ठेवावे, हा विचार कोणाच्याही मनात येईल. अमेरिकी कृषी खाते मात्र तसे करू नका, असे बजावते. हिवाळ्यातही उन्हाने अन्नाचे तापमान वाढते आणि प्राणी त्याला तोंड लावतात. त्याऐवजी रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून ते बाहेर गोठू द्यावे आणि तो बर्फ फ्रिजमध्ये ठेवावा, हा सोपा उपाय आहे.

सर्वात मोठा धोका अन्न गरम करण्याच्या खटपटीतून उद्भवतो. कोळशाची शेगडी घरात पेटवणे, जनित्र तळघरात वा गॅरेजमध्ये चालवणे यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. जनित्र घरापासून किमान २० फूट दूर असावे, असा नियम आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीजपुरवठा कोसळला, तेव्हा या वायूने अनेक बळी घेतले. त्या आपत्तीतील एकूण मृत्यूंचा सरकारी आकडा २४६ आहे. सूप गरम झाले नाही तर माणूस मरत नाही, हे थंडीने कुडकुडणाऱ्याला पटवणे अवघड असते.

जिवाला बरे वाटणारे अन्न

तरीही सूप हवेच असते. 'कम्फर्ट फूड' हा शब्दप्रयोग इंग्रजीत १९६६ मध्ये फ्लोरिडातील 'पाम बीच पोस्ट' या दैनिकात आढळतो. ताणाखाली असलेली मोठी माणसे बालपणीच्या सुरक्षिततेशी जोडलेल्या खाण्याकडे वळतात, असा त्याचा आशय होता. बर्फाच्या दिवसांतील अमेरिकी घराचा बेत याच धाटणीचा असतो. कोंबडीचे सूप, मंद आचेवर तासन् तास शिजणारा गोमांसाचा स्टू, चिली, टोमॅटो सूपसोबत चीज घालून भाजलेले सँडविच आणि मॅकरोनी-चीज हे नेहमीचे पदार्थ. क्राफ्ट कंपनीचे मॅकरोनी-चीजचे खोके १९३७ मध्ये, मंदीच्या काळात, स्वस्त जेवण म्हणून बाजारात आले होते. व्हरमाँटमध्ये मेपलचा उकळलेला पाक ताज्या बर्फावर ओतून त्याची चिकट पट्टी खातात आणि सोबत आंबट काकडीचे लोणचे व डोनट घेतात. दक्षिणेकडील राज्यांत बर्फ दुर्मिळ असल्याने वाडगाभर स्वच्छ बर्फात दूध, साखर आणि व्हॅनिला मिसळून मुलांना 'स्नो क्रीम' देतात. घरात आणलेल्या त्या जादा दुधाचा हा एक उपयोग म्हणावा लागेल.

अशा अन्नाने मनाला खरोखर उभारी येते काय, यावर संशोधकांत मतभेद आहेत. जॉर्डन ट्रॉयसी आणि शिरा गॅब्रिएल यांनी बफेलो विद्यापीठात केलेले संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कोंबडीचे सूप ज्यांना आपले सांत्वनाचे अन्न वाटते, त्यांच्या मनात ते प्याल्यावर नात्यागोत्याचे विचार अधिक सहज येतात, असे त्यात दिसले. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये वेगळाच निष्कर्ष मांडला. उदास करणारी चित्रफीत दाखवल्यावर काहींना त्यांचा आवडता पदार्थ दिला, काहींना दुसरेच काही दिले आणि काहींना काहीच दिले नाही. थोड्या वेळाने सर्वांचीच मनःस्थिती सारखी सुधारली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर पदार्थाच्या चवीपेक्षा त्याला चिकटलेल्या माणसांची आठवण महत्त्वाची ठरते, असा तर्क करता येतो.

न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या भागात स्थायिक झालेल्या मराठी घरांना ही बेगमी तशी अपरिचित नाही. कोकणात पावसापूर्वी 'आगोट' भरली जाते. तांदूळ, मिरच्या, मसाला, पापड आणि सुकी मासळी घरात आली की मृगाची काळजी राहत नाही. गोव्यात यालाच पुरुमेंत म्हणतात आणि मे महिन्यात मडगावला पुरुमेंताचे फेस्त भरते. फरक एवढाच, की मोसमी पावसाची तिथी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. हिमवादळ मात्र दोन-तीन दिवस आधी वर्दी देते, कधी त्याहून कमी. तांदळाची पिशवी आणि डाळींचे डबे ज्या घरात एरवीही भरलेले असतात, तेथे ब्रेडसाठी रांग लावण्याची निकड कमी असते. गॅसची शेगडी काडीने पेटवता आली, तर मुगाच्या डाळीची खिचडी, पिठले-भात किंवा वरण-भात-तूप हे बर्फाच्या रात्रीही होते. शेगडी विजेची असेल तर कुकर व डाळ असून उपयोग नाही. अशा वेळी दही-पोहे, मेतकूट, भडंग, चिवडा आणि बेसनाचे लाडू हेच खरे आपत्कालीन अन्न. आजीच्या फराळाच्या डब्याकडे या दृष्टीने पाहिल्यास, विनावीज टिकणाऱ्या आणि जिवाला बरे वाटणाऱ्या अन्नाची इतकी चांगली यादी अमेरिकी सरकारलाही सुचलेली नाही.

बफेलो, डिसेंबर २०२२

बफेलोइतके बर्फाला सरावलेले शहर अमेरिकेत क्वचितच असेल. १९८५ च्या वादळात तेथील महापौर जेम्स ग्रिफिन यांनी नागरिकांना बिअरच्या सहा बाटल्या घेऊन घरी फुटबॉल पाहत बसण्याचा सल्ला दिला होता आणि तो सल्ला आजही कौतुकाने सांगितला जातो. याच शहरावर २३ डिसेंबर २०२२ रोजी, नाताळच्या तोंडावर, जे वादळ आले त्यात विमानतळावर एकूण ५१.९ इंच बर्फ मोजला गेला. ब्लिझर्डची स्थिती सलग ३७ तास टिकली. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याच अडकून पडल्याने मदतीची हाक दिलेल्यांपर्यंत कोणी पोहोचू शकले नाही. ईरी काउंटीत ४७ जणांचा मृत्यू झाला. कोणी गाडीत, कोणी रस्त्यावर, कोणी वीज गेलेल्या थंडगार घरात, तर कोणी बर्फ उपसताना हृदयविकाराने गेले.

इशारा कित्येक दिवस आधीच देण्यात आला होता. वाहनबंदी मात्र २३ तारखेच्या सकाळी साडेनऊला लागू झाली, तीही अगदी थोड्या वेळाच्या सूचनेने. तोवर अनेक जण कामावर पोहोचले होते. मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त होते. त्यांची मोठी वस्ती असलेल्या पूर्व बफेलोत किराण्याची मोठी दुकाने कमी आहेत आणि अनेकांकडे स्वतःची गाडी नाही. त्या भागाचा मुख्य आधार असलेल्या जेफर्सन ॲव्हेन्यूवरील सुपरमार्केटमध्येच त्याच वर्षी १४ मे रोजी वंशद्वेषी हल्ल्यात दहा कृष्णवर्णीय नागरिक मारले गेले होते. दुकान पुन्हा उघडायला जुलै उजाडला.

गरिबांना सरकारकडून मिळणाऱ्या 'स्नॅप' या अन्नसाहाय्याचे वेळापत्रकही येथे पाहिले पाहिजे. न्यूयॉर्क शहराबाहेर, राज्याच्या उर्वरित भागात, ही रक्कम महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत कार्डावर जमा होते. लाभार्थी तिचा बहुतांश भाग पहिल्या पंधरवड्यातच खर्च करतात. वादळ आले तेव्हा तारीख २३ होती. तीन दिवसांचे अन्न साठवून ठेवा, ही सूचना ज्या घरात पोहोचली तेथे ती पाळण्यासाठी कार्डावर काही शिल्लक असेलच, असे नव्हते. वादळाच्या त्या दिवसांत घरातील अन्न संपले म्हणून मदत मागणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि काही दुकाने फोडलीही गेली.

याच वादळातील दुसरी एक हकीकत जगभर छापून आली. नायगारा पाहण्यास निघालेल्या दक्षिण कोरियाच्या पर्यटकांची व्हॅन बफेलोच्या एका उपनगरात खड्ड्यात अडकली. चालकासह दहा जणांच्या त्या चमूतील दोघे फावडे मागण्यासाठी जवळच्या घरी गेले. घरमालकाने सर्वांनाच आत घेतले. योगायोग असा, की त्या दांपत्याला कोरियन जेवणाची आवड होती. वादळाआधी भरून ठेवलेल्या त्यांच्या स्वयंपाकघरात किमची, मिरचीची कोरियन चटणी आणि सोया सॉस सारे होते. पर्यटकांनीच स्वयंपाक हाती घेतला आणि नाताळची सुटी सर्वांनी डुकराच्या मसालेदार मांसावर व कोंबडीच्या रश्श्यावर काढली.

तेथून फार दूर नसलेल्या चीक्टोवागा येथे गाडीत अडकलेल्या एका तरुणाने बरीच दारे ठोठावली, परंतु कोणी दार उघडले नाही. शेवटी त्याने एका शाळेच्या खिडकीची काच फोडली आणि रस्त्यावर अडकलेल्या चोवीस जणांना आत आणले. शाळेच्या उपाहारगृहातील सीरियल आणि सफरचंदे खाऊन त्यांनी वादळ निभावले. निघताना त्याने एक चिठ्ठी ठेवली. काच फोडल्याबद्दल आणि स्वयंपाकघरात शिरल्याबद्दल त्याने तीत माफी मागितली होती. चिठ्ठीवर फक्त नाव होते. पोलिसांनी त्याचा शोध घेतला, तो आभार मानण्यासाठी.